मोह, पळस, बकुळ : नक्षीत शिरणारी आणि न शिरणारी फुले

गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी सर्वांत जास्त संख्येने कोणते फूल फुलते? पाहुणा पळस म्हणेल, जंगलाकडचा माणूस मोह म्हणेल, नवेगावबांधचा कमळ म्हणेल. खरे उत्तर बहुधा धान हे आहे. लोंबीतला प्रत्येक दाणा आधी एक फूल असतो. सकाळचे ऊन चढू लागले की ते फूल तासा-दोन तासांपुरते उघडते, पिवळसर परागकोश बाहेर लोंबतात आणि टरफल पुन्हा मिटते. पाकळ्या नाहीत, वासही नाही. धानाचे कोठार म्हणवणाऱ्या या जिल्ह्यात हे फूल ना रांगोळीत दिसते, ना लुगड्याच्या काठावर, ना दागिन्यात.

लोककलेवर लिहिणारे एक वाक्य फार सहज लिहून जातात : भोवतालचा निसर्गच नक्षीत उतरतो. ते खरे असते तर गोंदियाची नक्षी धानाने, मोहाने आणि पळसाने भरून गेली असती. प्रत्यक्षात इथल्या दारापुढेही कमळ असते, स्टीलच्या डब्यावर गुलाब असतो आणि सोनाराकडे बकुळ नि चाफेकळी. कुठल्याही प्रदेशात शेकडो फुले फुलतात, त्यांतली मोजकीच नक्षीत शिरतात. ही निवड कशावरून होते, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीगल याने १८९३ साली या प्रश्नाचे एक धीट उत्तर दिले. नक्षी झाडावरून उचलली जात नाही, ती आधीच्या नक्षीतून जन्मते, असे त्याचे म्हणणे. इजिप्तच्या कमळापासून ग्रीक वेलीपर्यंत आणि तिथून इस्लामी वेलबुट्टीपर्यंत त्याने एकच वंशावळ जोडून दाखवली. कमळापुरते हे आपल्याकडेही पुष्कळ लागू पडते. गोंदियाच्या अंगणात कमळ काढणारी बाई तळ्याकडे बघून ते काढत नाही, आईने काढलेले कमळ काढते. पण मोह बाहेर का राहिला, याचे उत्तर वंशावळीत मिळत नाही. वंशावळीत कोण आले हे कळते, दारावरून कोणाला परत पाठवले ते कळत नाही.

आकड्यांची अडचण

नक्षीत फूल तीन तऱ्हांनी येते. वरून पाहिलेले फूल चक्र होते. रांगोळीतले आणि मंदिराच्या छतातले कमळ असे असते. बाजूने, देठापानांसकट पाहिलेले फूल बुट्टा होते. पैठणीवरची असावली या जातीची. तिसऱ्या तऱ्हेत फुलापेक्षा त्याच्या वाटेला महत्त्व असते, ती वेल. यांतले चक्र सर्वांत जुने आणि सर्वांत पसरलेले, म्हणून त्याच्या अटी आधी तपासू.

निसर्गात पाच हा आकडा फार लाडका आहे. जास्वंद, कापूस, भेंडी, आंबा, पांढरा चाफा, सगळ्यांच्या पाकळ्या पाच. नक्षीत मात्र चार, सहा, आठ, बारा, सोळा. कारण कळायला ठिपक्यांची रांगोळी पुरते. सात ते चारची मांडणी घ्या. मधली ओळ सात ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार अशा उतरत्या ओळी, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ३७ ठिपके आणि बाहेरून आकार षटकोनाचा. यातल्या आतल्या कोणत्याही ठिपक्याभोवती सारख्याच अंतरावर सहा शेजारी असतात. मधला ठिपका धरून शेजाऱ्यांपर्यंत पाकळ्या ओढल्या की सहा पाकळ्यांचे फूल आपोआप पडते. काढणारीने कोन मोजायचा नाही, कंपास घ्यायचा नाही.

चौकोनी मांडणीत, म्हणजे ठिपक्याखाली ठिपका असताना, सरळ रेषेत चार शेजारी आणि तिरके चार. त्यांतून आठ पाकळ्या निघतात. पण तिरका शेजारी सरळ शेजाऱ्याच्या सुमारे १.४१ पट लांब असतो. म्हणून चौकोनी ठिपक्यांवरच्या कमळात तिरक्या चार पाकळ्या लांबुडक्या होऊ पाहतात आणि हात बसलेली बाई त्या ठिपक्याच्या अलीकडेच टोक मिटवून टाकते. नवशिकी ठिपका गाठते आणि तिचे कमळ चांदणीसारखे ताणले जाते.

पाच पाकळ्या मात्र कोणत्याच मांडणीतून निघत नाहीत. ही काढणाऱ्याच्या कौशल्याची नाही, सपाटीचीच मर्यादा आहे. एकसारख्या आकृतीची अखंड पुनरावृत्ती करायची असेल तर तिच्यात दोन, तीन, चार किंवा सहा एवढ्याच घड्यांचे फिरते सममितीकेंद्र बसते. सपाटीवर पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे प्रकार १७च, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह याने १८९१ मध्ये सिद्ध केले, आणि त्या १७ जणांत पाचाला जागा नाही. आठालाही नाही. आठ पाकळ्यांचे फूल चौकोनी जाळीत बसवले की त्याची आठपदरी सममिती त्या एकट्या फुलापुरती उरते. सगळी नक्षी मिळून पाहिली तर चारावर येते. पण आठ ही चाराची दुप्पट असल्याने ते शेजाऱ्यांशी भांडत नाही. पाच पाकळ्यांच्या फुलाची एक पाकळी नेहमी कुठेतरी वर बोट दाखवत राहते.

आता कमळ. गोंदिया आणि भंडारा हे तळ्यांचे जिल्हे. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले आणि पुढे माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' म्हणून ओळखले गेलेले तलाव गावोगाव आहेत. नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. अशा एखाद्या तळ्यातले खरे कमळ हातात घेऊन पाकळ्या मोजाव्यात. त्या आठ भरत नाहीत. वीसच्या आसपास असतात, कधी जास्त, कधी कमी, आणि सारख्या अंतरावर नसून मळसूत्री क्रमाने मांडलेल्या असतात. अष्टदल हे तळ्यात उगवतच नाही, ते कारागिराच्या हातात उगवते. वर्तुळ दोनात, चारात, आठात, सोळात मोडत जाणे दोरीने जमते. कमळाने या मोडणीला नाव दिले आणि पावित्र्य दिले; आकडा दिला तो दोरीने.

दगडात हे आणखी स्पष्ट होते. भरहुत आणि सांचीच्या स्तूपांच्या कठड्यांवर पूर्ण आणि अर्ध्या कमळांची पदके आहेत. मूळच्या लाकडी कठड्यात जिथे सांध्यावर खिळा किंवा चकती येई, तिथे दगडात कमळ बसले, असा एक तर्क आहे आणि मला तो पटतो. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात सापडलेले स्तूपावशेष याच परंपरेतले. पुढे हेमाडपंती मंदिरे आली. गोंदिया शहराजवळच्या नागरा गावी या घडणीचे शिवमंदिर आहे. या घडणीत चौकोनी दालनावर छत घालताना चार कोपऱ्यांत चार त्रिकोणी शिळा ठेवून मोकळी जागा कमी करतात. चौकोन पंचेचाळीस अंशांनी वळतो किंवा अष्टकोन होतो, थरावर थर चढतात आणि शेवटची उरलेली फट एका शिळेने झाकतात. या झाकणशिळेवर कमळ कोरायची चाल आहे. खालून वर पाहताना ते कमळ आठाचे किंवा सोळाचे दिसते, कारण त्याच्या खालची सगळी रचनाच त्या आकड्यांची आहे. तिथे पाच पाकळ्यांचा चाफा कोरला असता तर प्रत्येक थराशी त्याचा बेबनाव झाला असता.

मागावर फूल का वाकत नाही

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर हा महाराष्ट्रातल्या कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा पट्टा. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर अळ्या वाढतात, ढिवर समाजातली माणसे ती झाडे राखतात, आणि कोशाचा धागा भंडारा-नागपूरकडच्या कोष्टी विणकरांच्या मागावर जातो. त्यातून होणारी करवती साडी भौगोलिक मानांकन मिळालेले वस्त्र आहे. अंग कोशाच्या मूळच्या मधाळ रंगाचे, काठ गडद. आणि जिथे अंग नि काठ भेटतात तिथे करवतीचे दाते.

फुलांच्या देशात हे दाते का? विणकाम करणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. साडी तीन धोट्यांनी विणली जाते : दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा आडवा धागा अंगाच्या आडव्या धाग्याला गुंतवून परत फिरतो. ही परतण्याची जागा दर ओळीला थोडी आत, मग थोडी बाहेर सरकवली की दाता तयार होतो. म्हणजे करवत हा सांध्याचाच आकार आहे, त्याला वेगळी नक्षी म्हणणेही थोडे अन्यायाचे. वर त्याला जादा धागा लागत नाही. तिथे गोल पाकळी आणायची तर ती पायऱ्या-पायऱ्यांनी आणावी लागते, आणि हाताने काढलेल्या, कमीजास्त जाडीच्या कोशाच्या धाग्यात त्या पायऱ्या एकसारख्या पडत नाहीत. महाराष्ट्री लुगड्यांच्या काठावर रुईफूल आले तेही याच शिस्तीने : लहान चौकटी तिरक्या करून, गोलाईचा मोह टाळून.

पैठणीत कमळ, मुनिया आणि असावली गोलाईने वळतात, कारण तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी हाताने घातली जाते. एका पदराला महिने लागू शकतात. त्या गोलाईचे पैसे मोजणारी गिऱ्हाइके पेशव्यांच्या आणि निजामाच्या राज्यात होती. असावलीचे देठासकट उभे फूल मोगल चित्रांच्या आणि शिल्पांच्या वाटेने दख्खनेत आले; औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यावरची फुलझाडे त्याच गोतातली. जहांगीराने १६२० मध्ये काश्मीरच्या वसंतातली फुले पाहिली आणि मन्सूर या चित्रकाराकडून ती चित्रित करवली. तिथून बाजूने पाहिलेले फूल हा दरबारी अभिरुचीचा विषय झाला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या मागापर्यंत तो दरबार पोचला नाही आणि पोचल्याचे सोंगही करवतीने घेतले नाही, हे मला तिचे मोठेपण वाटते.

सोनाराचे फूल

भूमिती आणि हत्यार यांनी पुष्कळ उलगडले तरी सगळे उलगडत नाही. त्यासाठी बकुळ आणि मोह शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही झाडे एकाच कुळातली, चिकूच्या. दोघांची फुले मलईरंगी, लहान, आणि दोघांचीही गळून झाडाखाली सडा घालणारी. एक फूल सोन्यात गेले आणि दुसरे गेले नाही.

बकुळीचे फूल जवळून बघण्यासारखे आहे. पाकळ्यांचे पाळे मुळात आठ भागांचे, पण प्रत्येक भागाला दोन-दोन जोडपाकळ्या असल्याने एकूण सुमारे चोवीस अरुंद टोके दिसतात. हिरवट निदलेही आठ, चार-चारच्या दोन फेऱ्यांत. निसर्गाने आठाचा हिशेब आधीच करून ठेवलेले हे फूल. गळते तेव्हा मधोमध भोक राहते, त्यातून गवताची काडी किंवा दोरा सुईशिवाय जातो. पोरीबाळी याचे गजरे करतात आणि फूल वाळले तरी वास जात नाही. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा मारून असे एकेक फूल काढायचे आणि ओळीने गुंफायचे की बकुळहार झाला. खऱ्या गजऱ्याची बांधणी आणि सोन्याच्या हाराची बांधणी एकच.

मोहाचे फूल मार्च-एप्रिलात पहाटे गळते. मांसल, फुगीर, आत पोकळ, दाबले की गोड चिकट रस. पाकळ्यांची टोके वर आखडून आलेली. वरून पाहिले तर चक्र दिसत नाही, तोंड मिटत आलेला मणी दिसतो. ते वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ करतात, कुठे जाळतातही. उन्हात वाळवून साठवतात, तेव्हा ते तांबूस तपकिरी होते. खायला, गुरांना, दारूला, विकायला. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे उन्हाळ्याचे रोकड उत्पन्न तेच.

खाण्याचे फूल म्हणून ते अलंकारात आले नाही, असे सोपे उत्तर सुचते. ते टिकत नाही. मराठी दागिन्यांत खाण्याच्या वस्तू भरपूर आहेत : बोरमाळ आहे, जोंधळी पोत आहे, तांदळी पोत आहे. धानाचे फूल दागिन्यात आले नाही पण तांदूळ आला. मग मण्यासारखा मोह का येऊ नये?

मला दोन कारणे दिसतात. पहिले साधे आहे : सोनाराकडे कोण जात होते? ज्या घरांत मोह वेचला जाई त्या घरांतल्या बायकांच्या अंगावर चांदी, गिलट आणि काचेचे मणी होते. बकुळहार, चाफेकळी, केवडा ही नावे केसांत फुले माळणाऱ्या, पुढे सोने परवडणाऱ्या घरांतून आली. त्यात मोहावर दारूचा शिक्का. दारूबंदीच्या कायद्याने मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवर दीर्घकाळ बंधने होती. राज्य सरकारने ती सैल केली ती २०२१ मध्ये. ज्या फुलाच्या पोत्यामागे पोलीस लागू शकतो, ते गळ्यात घालायला कोणी मागत नाही.

दुसरे कारण माझ्या मते जास्त खोल आहे. केसात माळलेला मोगरा संध्याकाळपर्यंत कोमेजतो, देवावर वाहिलेले कमळ दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. जी वस्तू हवी असते आणि टिकत नाही, तिची प्रतिमा माणूस सोन्यात, दगडात, रांगोळीत करून ठेवतो. मराठी अलंकारांतली फुले तपासली तर जाई, मोगरा, शेवंती, चाफा, बकुळ, केवडा, सगळी माळायची किंवा वाहायची. मोहाला अशा प्रतिनिधीची गरज पडली नाही. तो वाळून स्वतःच वर्षभर घरात राहतो. गोंड समाजात लग्नाच्या मांडवात मोहाची फांदीच उभी असते. झाड प्रत्यक्ष हजर असताना त्याचे चित्र कशाला काढायचे? मोह नक्षीत नाही याचा अर्थ तो दुर्लक्षित आहे, असा काढणे म्हणूनच घाईचे ठरेल.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करावा लागतो. ठिपक्या-रेघांनी भरलेली 'गोंड चित्रे' हल्ली जिकडेतिकडे भिंतींवर दिसतात आणि ती सगळ्याच गोंडांची जुनी परंपरा समजली जाते. आज ज्याला आपण गोंड चित्रकला म्हणतो ती नर्मदेकडच्या दिंडोरी-मंडला भागातल्या, गोंडांपैकीच परधान समाजाच्या हातून घडली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम याला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूने १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाकडे आणले, आणि कागद नि कॅनव्हास यांवर ही शैली उभी राहिली. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जत्रेसाठी येणाऱ्या गोंडांचा त्या शैलीशी नात्याचा संबंध जोडता येईल, उगमाचा नाही. शिवाय त्या चित्रांतही मोहाचे झाड पुष्कळदा येते. नक्षीचा घटक मात्र फूल नसून अंग भरणारी ठिपक्यांची आणि रेघांची वीण असते.

पळस आणि कोयरी

पळसाचे कोडे वेगळे आहे. त्याच्या पानांच्या पत्रावळी झाल्या, 'पळसाला पाने तीन' अशी म्हण झाली, फुले उकळून होळीचा रंग झाला. आकार मात्र कुठे गेला नाही. पाच पाकळ्यांपैकी एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूंना पंखांसारख्या आणि दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नौका. हे फूल वरून चक्र होत नाही, कारण त्याला डावे-उजवे एवढीच सममिती आहे. आणि बाजूने पाहिले की तीही जाते.

वाकडेपणा हा नक्षीत गुन्हा नाही. कोयरी वाकडीच असते, तरी हळदीकुंकवाच्या करंड्यापासून शालीपर्यंत सगळीकडे ती आहे. पळसाची एकच पाकळी सुटी करून ठेवली तर तिची बाह्यरेषा कोयरीच्या फार जवळ जाते. फरक असा, की कोयरी एका बंद रेषेत संपते. आत जाळी भरा, वेल भरा, दुसरी कोयरी भरा, ती सगळे सामावते. पळसाचे फूल तीन वेगळ्या रेषांचे भांडण आहे, आणि त्यातली एक रेषा गाळली की ते पळस राहत नाही. नक्षीला गाळणे सोसणारे फूल लागते. कमळाच्या वीस पाकळ्यांतल्या बारा काढून टाकल्या तरी ते कमळच.

छपाई आल्यावर या सगळ्या अटी संपायला हव्या होत्या. छापाला ठिपक्यांची जाळी नको, धोट्याची परत नको, ठसा नको. पळस आणि मोह यांचे फोटोसुद्धा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर छापता आले असते. छापून आला तो गुलाब. थर्मासवर, मेलामाइनच्या ताटल्यांवर, पत्र्याच्या पेट्यांवर, चादरींवर तोच दोन पानांचा लालगुलाबी गुलाब. हत्याराची सक्ती गेली, पण तिच्या जागी कॅटलॉगची सक्ती आली, आणि ती जास्त कडक निघाली. रांगोळीच्या जाळीने निदान सहा आणि आठ असा पर्याय ठेवला होता.

मोह नक्षीत आणायचाच असेल, आणि मोहाचे लाडू नि सरबत बनवणाऱ्या बचतगटांना पाकिटावर काहीतरी छापावे लागतेच, तर त्याला चक्र करण्याचा हट्ट सोडावा. फांदीच्या टोकाशी फुले दाट झुबक्याने खाली लोंबतात, मागे तांबूस लवदार निदले, खाली बाहेर आलेला लांब कुक्षीवृंत. हा वरून खाली पाहण्याचा आकार आहे, झालरीचा आणि तोरणाचा. मागावर तो करवतीला सहज धरता येईल : दोन दात्यांच्या मधली जागा उलट्या त्रिकोणाची असते आणि त्या त्रिकोणात सात-आठ धाग्यांच्या पायऱ्यांनी एक मणी, त्याखाली एका धाग्याची शेपटी, एवढे बसते. त्यासाठी प्रत्येक मण्याला जादा आडवा धागा हाताने घालावा लागेल, काठाची गती निम्म्यावर येईल आणि साडीचा भाव त्या हिशेबाने चढेल. आधी एक हातभर नमुना विणून पाहावा. दाते आणि मणी एकमेकांना खातात की खुलवतात, ते कागदावर कळत नाही.